उजव्या हाताला हरकत नाही

ते माझ्या उजव्या हाताला ‘अहो’ म्हणत आणि डाव्याला ‘अरे’. उजवा त्या वेळी निकामी होता. मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर पडून राही. डावा धडधाकट होता. तरी मान उजव्यालाच. “चला साहेब, उठा आता, लई आराम झाला,” हे त्या निश्चल हाताला उद्देशून. आणि डाव्याने मदतीला येण्याची नुसती चुळबूळ केली की, “तू गप बस बे! तुला कुनी इचारलं?”

दोन्ही हात माझेच होते. मला ते ‘रावसाहेब’ म्हणत आणि माझ्याशी त्यामानाने कमी बोलत.

मी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. मोजके बोलण्याची सवय नोकरीने लावली आणि निवृत्तीने मोडली नाही. चार वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आठवड्यात, सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून पडला. तो उचलायला वाकलो. हात माझ्याबरोबर आला नाही. मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी, असे निदान झाले. वाचा शाबूत राहिली. पाय तीन आठवड्यांत जमीन धरू लागला. हात तसाच राहिला.

घरी सूनबाई मला चमच्याने मऊ भात भरवू लागली. ती ते मनापासून करी. मला ते सहन होत नसे. डाव्या हाताने मी कधी जेवलो नव्हतो आणि जेवणार नव्हतो. हा हट्ट आहे, हे मान्य. मला एवढेच हवे होते: आपला घास आपल्या उजव्या हाताने आपल्या तोंडात जावा. तोवर चार माणसांत जेवायला बसायचे नाही, असे मी ठरवले. ठरवले म्हणजे कोणास सांगितले नाही.

हाताला ‘अहो’ म्हणणारे ते आमच्या पाटोद्याचेच. घरी मेंढरे पिढीजात. वडील मात्र निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेले. ते मेंढरांना मराठीत हाका मारीत आणि मुलांवर उर्दूत रागावत. या मुलाने दोन्ही उचलले. पुढे तो अंबाजोगाईच्या बाजूला एका इस्पितळात, व्यायामोपचाराच्या खोलीत मदतनीस म्हणून लागला आणि तीस वर्षे लकव्याच्या रोग्यांचे हातपाय हलवीत राहिला. पदवी नव्हती. कोणी ‘डॉक्टर’ म्हटले की ते चिडत. “डॉक्टर गोळी देतो. मी हुकूम तपासतो,” म्हणत.

निवृत्तीनंतर ते गावी परतले होते, म्हणून सुनेने त्यांना बोलावले. पहिल्या दिवशी आले तेव्हा खुर्ची नाकारून जमिनीवर बसले, माझा हात ओंजळीत घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “हरकत करा.”

“कशाबद्दल?” मी विचारले.

“बोटाबद्दल.”

“बोटाबद्दल माझी काय हरकत असणार?”

“न्हाई ना? तेच बघायलोय मी. हरकत न्हाई.”

आम्हा दोघांपैकी कोणीही विनोद करीत नव्हते. मी आयुष्यभर हरकती मागवल्या, नोंदवल्या आणि फेटाळल्या. माझ्या लेखी हरकत म्हणजे आक्षेप. त्यांच्या वडिलांच्या उर्दूत हरकत म्हणजे हालचाल. जुन्या दप्तरांमुळे मला थोडी उर्दू ठाऊक होती, म्हणून उलगडा लवकर झाला. माझ्या मुलाला ती सोय नव्हती.

मुलगा बीडला नोकरीस असतो. त्याला कळावे म्हणून त्यांनी तपासणीचा कागद लिहिला आणि सुनेने त्याचा फोटो काढून मोबाइलवर पाठवला. अक्षर सुरेख होते. मजकूर असा: ‘उजव्या बोटांना हरकत नाही. मनगटाला हरकत नाही. कोपराला हरकत नाही. खांद्याला थोडी हरकत आहे. काळजी नसावी.’

दहा मिनिटांत फोन आला. सुनेने तो सर्वांना ऐकू येईल असा लावला.

“आबा, लई झकास! हाताला काहीच हरकत नाही म्हणतात. खांद्याचं तेवढं किरकोळ हाय काहीतरी.” मग बायकोला, “हाताला काही नाही तर तू भरवायलीस कावून? सवय बिघडंल त्यांची. आजपासून नुसतं ताट पुढं ठेव.”

सूनबाईने दुपारी ताट पुढे ठेवले. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वरण, कांदा. चमचा नाही. ती दाराआड उभी राहून वाट पाहू लागली. मी ताटाकडे पाहू लागलो. पाऊण तास गेला. खुलासा करणे मला शक्य होते. मी केला नाही. कित्येक दिवसांनी पूर्ण ताट माझ्यासमोर आले होते.

शनिवारी मुलगा खांदा शेकण्याची विजेची पिशवी आणि दोन प्रकारची मलमे घेऊन आला. ते माझ्याजवळच बसले होते.

“हे कुनासाठी?” त्यांनी विचारले.

“आबांच्या खांद्याला. तुम्हीच लिहिलं ना, खांद्याला हरकत हाय म्हणून? ती एकदा काढून टाकू.”

“काढून टाकू?” ते उभेच राहिले. “अंगात तेवढीच एक हरकत उरली, ती काढता? येडे झालात का बे?”

“पण बाकी हाताला तर हरकत नाही म्हणालात. ते बरं झालं की.”

“काय बरं झालं? मयताच्या हातालाबी हरकत नसती!”

सूनबाई आत निघून गेली. ती हसत होती की रडत होती, हे मी विचारले नाही. मुलाने पिशवी परत खोक्यात घातली आणि पुढच्या कागदात ‘हालचाल’ हा शब्द वापरावा, अशी त्यांना विनंती केली. त्यांनी ती अंशतः मानली. पुढच्या कागदावर होते: ‘खांद्याच्या हरकतीस आता हरकत नाही.’

गावात त्यांना हरकतवालेच म्हणत. परगावचे लोक समजत, हा माणूस भांडखोर असावा.

मेंदू हातास कसा हलवतो, हे त्यांनी मला कचेरीच्या भाषेत शिकवले. एके सकाळी विचारले, “रावसाहेब, तुमच्या कचेरीतून हुकूम निघाला, की काय व्हायचं?”

“जावक नोंद. मग शिपाई. मग तलाठी. मग तामिली.”

“आन तामील न्हाई झाली तर?”

“कोठे अडला, ते पाहायचे.”

“बराबर. तुमचा साहेब शाबूत हाय. हात उचलावा असं तुमाला वाटतंय. तलाठी शाबूत हाय. बोटं, शिरा, हाडं जागच्या जागी. मधल्या दोन टेबलांवरचे कारकून मेले. हुकूम निघतो आन तिथंच पडतो.”

“नवीन नेमणूक?”

“त्या खात्यात भरती बंद हाय. शेजारच्या टेबलाचा मानूस त्या कामाला लावायचा. तो म्हनतो, हे माझं काम न्हाई. त्याला रोज सांगायचं. शंभर डाव सांगायचं. मग हळूहळू करतो.”

हे मला तत्काळ पटले. उजव्या हाताचा हुकूम डाव्या मेंदूतून निघतो आणि मानेच्या वर रस्ता ओलांडून पलीकडे जातो, हे मात्र गैरसोयीचे वाटले. अशी रचना का, असे मी विचारले.

“मला कावून इचारता? मी केली का?” ते म्हणाले.

मेंदूत साऱ्या शरीराचा सातबारा असतो, हे त्यांचे दुसरे सूत्र. कोणत्या अवयवाच्या नावे किती जमीन, हे तेथे ठरलेले. त्यांनी माझ्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने त्याचा नकाशा काढला. तो एक माणूस होता. अंगठा मांडीएवढा, ओठ सुपाएवढे, जीभ लोंबणारी, आणि पाठ जवळजवळ नाहीच. “पाठीला दोन गुंठे. तिला करायचंय काय? अंगठ्याला बघा, सगळं बागायत! एक मनी उचलायचा तर किती हुकूम लागत्यात.” सूनबाईने ते चित्र पाहिले आणि त्या दिवसापासून ती खोलीत मान खाली घालून येऊ लागली. शेजारचे माजी सरपंच मला पाहायला आले तेव्हा त्यांनी विचारले, “हा कोन?”

“हे रावसाहेब,” ते म्हणाले.

माजी सरपंचांनी चित्र पाहिले, मला पाहिले. “ओठ जुळतात,” म्हणाले.

त्यांचा पहिला महिना हात न हलवण्याचा होता. “हलवू नका. हलवायचा इचार करा. डोळे मिटा आन तांब्या उचला.” तांब्या समोर नसे. मी डोळे मिटून तो उचलीत असे. “सांडलं?” ते विचारीत. न सांडल्याचे सांगितले तर म्हणत, “मंग तांब्या रिकामा हाय. भरा, आन पुन्हा उचला.” विचारानेही मेंदूतले तेच टेबल जागे होते, असे त्यांचे म्हणणे. मी आजवर केलेल्या कामांत ते सर्वांत थकवणारे होते.

त्यांचा स्वतःचा वेळ माणसे पाहण्यात जाई. आठवडी बाजारात ते भाजीच्या ओळीसमोर बसत. भाजी घेत नसत. मटकी मोजणारीचे मनगट, पिशवीला गाठ मारणाऱ्याचे बोट, मिरची निवडणारीची चिमूट, हेच पाहत. चालणाऱ्या अनोळखी माणसास थांबवून, “जरा माघारी चालत जा, आन पुन्हा या,” असे सांगत. माणसे निमूट तसे करीत, कारण त्यांच्या आवाजात सरकारी धार होती. एकदा एक जण चालत माघारी गेला तो परत आलाच नाही. दोन वर्षांपूर्वी ते मुलीकडे लातूरला राहायला गेले. तेथील बाजारातही हेच चालू असल्याचे ऐकतो.

या पाहण्याचा त्रास आमच्या स्वयंपाकघरासही झाला. सूनबाई भाकरी उत्तम करते. एके दिवशी ते चुलीजवळ जाऊन बसले, तीन भाकऱ्या होईतो पाहिले आणि म्हणाले, “सूनबाई, भाकर फिरवताना पहिलं बोट कोनतं लावता?”

“बोट?” ती थांबली. “तसं काही नाही काका. होती आपोआप.”

“आपोआप कशी व्हईल? कोनतंतरी पहिलं असंलच की.”

तिने पुढची भाकरी बोटांकडे पाहत थापली. ती कडेला फाटली. त्यापुढची मध्ये फाटली. तिसरी तव्यावर जाताना दुमडली. ते आनंदाने माझ्याकडे आले. “बघितलं का रावसाहेब? वीस वर्सं बिनबोभाट चाललेलं काम. साहेब स्वतः तपासायला गेला, आन कारभार बंद पडला!”

दोन दिवस घरात फाटक्या भाकऱ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सूनबाईने त्यांना सांगितले, “काका, तुम्ही मामांच्या खोलीच्या अलीकडं यायचं नाही. मला काही विचारायचंबी नाही.” त्यांनी ते मान्य केले. मात्र जाताना दारातून हळूच, “करंगळीच असनार,” म्हणाले, आणि आणखी एक भाकरी गेली.

दसऱ्याच्या सुमारास खांदा आला. कोपर दिवाळीपर्यंत ओढत ओढत आले. बोटे मिटलेलीच. त्याच दिवसांत जांभईचा प्रकार घडला.

दुपारची वेळ होती. माजी सरपंच समोर बसून मागच्या निवडणुकीची हकिगत सांगत होते. ती मी पूर्वी ऐकली होती. मला मोठी जांभई आली, आणि तिच्याबरोबर माझा उजवा हात आपोआप वर उचलला गेला. कोपरातून, थेट छातीच्या वरपर्यंत, बोटेही उघडली. जांभई संपली तसा तो खाली आला.

“हात वर झाला!” माजी सरपंच ओरडले. “ठराव मंजूर!”

सूनबाई धावत आली. मुलाला फोन गेला. त्याने बीडहून पेढे आणण्याचे जाहीर केले. शेजारच्या तीन घरी बातमी पोचली. त्या दिवशी मलाही वाटले की उद्या ताट मागवावे. तेवढ्यात ते आले. सर्वांचे ऐकून घेतले. मग माझ्यासमोर बसले.

“रावसाहेब, आता उचला.”

मी प्रयत्न केला. हात मांडीवरच राहिला.

“उचला की. मघाशी उचललात ना?”

घाम फुटला. हात हलला नाही.

“तो हुकूम तुमचा नव्हता,” ते म्हणाले. “जांभईचं टपाल येगळ्या रस्त्यानं येतं. लई जुना रस्ता हाय तो. त्यावर तुमची सही लागत न्हाई. कुत्र्यालाबी जांभई येती.” आणि माजी सरपंचांकडे वळून, “ठराव रद्द. गणपूर्ती नव्हती.”

“अहो, पण उचलला तर खरं ना!” माजी सरपंच म्हणाले. “कुनाच्या का हुकमानं असंना.”

“रावसाहेबांना जांभई देऊन भाकर खायची न्हाई,” ते म्हणाले.

माझ्या मनातले मी त्यांना सांगितले नव्हते. त्यांनी ते कोठून वाचले, मला माहीत नाही. पेढे आले. त्यांनी खाल्ले नाहीत आणि मला खाऊ दिले नाहीत.

नंतर डाव्या हाताची अटक झाली. उजव्याच्या अंगठ्यात फडफड दिसू लागली तशी त्यांनी माझा डावा हात लोकरीच्या मोज्यात घालून रुमालाने कमरेला बांधला. दररोज तीन तास. “हा लई उपकारी हाय. पुढं पुढं करून सगळं काम वडतो, मनून त्यो दुसरा शिकत न्हाई. आत राहा बे!” त्या तीन तासांत मला नाक खाजवता येत नसे, पान उलटता येत नसे, माशी हाकलता येत नसे. उजव्याला सांगावे लागे. तो ऐके, पण चुकीच्या ठिकाणी जाई. नाकाऐवजी कान. त्यांना हे फार आवडे. “पोचला! पत्ता चुकला, पन पोचला!”

संक्रांतीपर्यंत मी ज्वारीचे दाणे चिमटीत धरू लागलो. तोंडापर्यंतही नेऊ लागलो. मात्र एकटा असेन तरच. सूनबाई दारात आली आणि आशेने पाहू लागली की हात वाटेत थांबे, बोटे आवळत, दाणे सांडत. मुलगा मोबाइल पुढे धरून चित्र घेऊ लागला की हात उठतच नसे. मी पुन्हा चमच्यावर आलो. त्या आठवड्यात मी त्यांना सांगितले की उद्यापासून येऊ नका. एवढे पुरे.

“तुमच्या हाताला परेक्षक लई झालेत,” ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी आले.

येऊन म्हणाले की माजी सरपंचांच्या शेतात हुरडा आहे, लिंबागणेशच्या रस्त्याला, आणि आपण जाणार आहोत. मी नकार दिला. चार माणसांत मी खात नाही, हे आता त्यांना ठाऊकच होते.

“खायचं न्हाई. नुसतं बसायचं. उन्हात बसायला काय हरकत हाय?” बोलताना त्यांनी तो शब्द माझ्या अर्थाने वापरल्याची ही एकमेव वेळ.

शेतात आगटी पेटली होती. गोवऱ्यांच्या आरात कणसे भाजत होती. गडी गरम कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून, हिरवा दाणा समोर पसरलेल्या धोतराच्या फडक्यावर टाकीत होता. लसणाची चटणी, गूळ, दही. सात-आठ जण होते. सगळे मला ओळखणारे, निम्म्यांचे फेरफार माझ्या हातून झालेले. मी मागे टेकून बसलो. वास असह्य चांगला होता.

माजी सरपंचांनी मूठभर दाणा उचलला आणि माझ्यापुढे वाकले. “रावसाहेब, तोंड उघडा.”

सगळे पाहू लागले. मी तोंड मिटले.

त्यांनी माजी सरपंचांचे मनगट हवेतच धरले. “ठेवा खाली. आन सगळेजन तिकडं तोंड करा.”

“कावून?”

“रावसाहेबांना खायचं हाय.”

“मंग खाऊ द्या की! आमी काय हिसकून घ्यायलोत?”

“तुमी बघायलात. बघितल्यावर बायांच्या भाकरी फाटतात. फिरा म्हनतो ना!”

माजी सरपंच ताठ झाले. “माझ्याच शेतात मलाच पाठ करायला लावता?”

“मागच्या निवडनुकीत सगळ्या गावानं तुमाला केली, तवा काय बिघडलं?”

मोठा हशा झाला. हसता हसता एकेक जण वळला. माजी सरपंचही पुटपुटत वळले. गड्याने कणीस हातात धरूनच पाठ केली. शेवटी माझ्या पुढ्यातला दाणा नीट सारखा करून, उजव्या हाताला “साहेब, आता तुमी आन रावसाहेब बघून घ्या,” असे सांगून ते स्वतः वळले. आयुष्यभर लोकांचे हात पाहत आलेला तो माणूस मांडी घालून समोरच्या तुरीकडे पाहत बसला.

मी आठ पाठींकडे पाहिले. त्या पाठी एकमेकींशी पावसाचे, ट्रॅक्टरचे, कोणाच्या तरी म्हशीचे बोलू लागल्या. मी बोटांकडे पाहण्याचे सोडले. पहिली चिमूट मिशीत गेली. दुसरीतले दोन दाणे सदऱ्याच्या गळ्यातून आत उतरले; गरम होते. तिसरी ओठांपर्यंत गेली आणि आत राहिली. हुरडा गोड होता. त्यानंतर मी मोजले नाही.

बऱ्याच वेळाने माजी सरपंच कण्हले. “मान अवघडली राव. झालं का न्हाई?”

“वळू नका!” ते पाठमोरेच ओरडले. मग आवाज जरा उतरवून, तरीही न वळता, “रावसाहेब? काय चाललंय? कायतरी बोला की.”

मला बोलता आले नाही. तोंड भरले होते.